नाव तपासता, तशी नजरही तपासा : लायसन नूतनीकरणाबद्दल परिवहन आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : लायसन नूतनीकरणाच्या वेळी चालकाची दृष्टी खरोखर तपासली जावी आणि कार्यालयीन विलंबाचा भुर्दंड चालकावर पडू नये, याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही कामं हंगामाप्रमाणे येतात आणि जातात. लायसनचं काम मात्र बारमाही. माझे मिस्टर तरुणपणापासून ट्रक चालवतात, त्यामुळे नूतनीकरण म्हणजे काय हे मी दुकानातही पाहते आणि घरातही. हे पत्र आपल्या कार्यालयाला पाठवलंच आहे. जाहीर अशासाठी करते आहे की ज्यांच्याबद्दल मी लिहिते आहे ते चालक असं पत्र लिहायला बसत नाहीत, आणि त्यांच्या समोरून रस्त्यावर येणारे आपण सगळेच आहोत.

निमित्त सांगते. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यानिमित्त चालकांसाठी मोफत नेत्रतपासणी शिबिर लागलं होतं. मिस्टरांची गाडी तिथेच भरत होती. हमाल सोयाबीनची पोती चढवत होते, तेवढ्या वेळात ते रांगेत उभे राहिले. उजवा डोळा झाकला तेव्हा तक्ता खालपर्यंत वाचला. डावा झाकला तेव्हा सगळ्यात वरचं मोठं अक्षर सोडून काही सांगता येईना. मोतीबिंदू, आणि तोही बराच पिकलेला. तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "रात्री समोरच्या गाडीची लाईट कशी दिसते?" तर म्हणाले, "फुटते. सगळीकडं पसरते." ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती.

याच माणसाचं लायसन त्या शिबिराच्या काही महिनेच आधी पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होऊन आलं होतं. सोबत जोडलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात दूरची दृष्टी चांगली असल्याचं लिहिलं होतं.

शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात झाली, मोफत झाली आणि चांगली झाली. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे आम्ही ऋणी आहोत. पण त्या आधीच्या महिन्यांत माझा नवरा एका डोळ्याच्या भरवशावर रात्रीचा ट्रक चालवत होता, तोही उसाच्या हंगामात, जेव्हा दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे लाल दिवा नसताना रस्त्यावर उभे असतात. हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. तो एकटा मेला असता असं नाही. समोरून काळी-पिवळी येत असती, कुणी दोघं मोटरसायकलवर असते.

आता ही तपासणी कागदावर कशी आहे ते पाहू. मोटार वाहन कायद्याप्रमाणे व्यावसायिक वाहनाचं लायसन पाच वर्षांसाठी मिळतं. बाकीच्यांना वयाप्रमाणे : तिशीच्या आत असेल तर चाळीस वर्षांचं होईपर्यंत, तीस ते पन्नास असेल तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्न असेल तर साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षं. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आणि व्यावसायिक वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. हा नमुना मी इतक्या वेळा डोळ्यांखालून घातला आहे की आता तोंडपाठ आहे. त्यात विचारलेलं आहे की, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? ऐकायला नीट येतं का? हातापायांत काही दोष आहे का? आणि शेवटी डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं की मी अर्जदाराला स्वतः तपासलं आहे आणि दूरच्या दृष्टीकडे विशेष लक्ष दिलं आहे.

नमुना चांगला आहे. ज्याने तो तयार केला त्याला रस्ता माहीत होता.

प्रत्यक्षात काय होतं? चालक दवाखान्यात जातो. खोली असते जेमतेम दहा फुटांची. २५ मीटर म्हणजे ८२ फूट. तिथे नंबरप्लेट नाही, अक्षरांचा तक्ता नाही, रंगांच्या चकत्या नाहीत. बाहेर तापाचे, खोकल्याचे पेशंट ताटकळलेले. डॉक्टर आधार कार्ड बघतात, "काही त्रास आहे का?" विचारतात, चालक "नाही" म्हणतो आणि प्रमाणपत्र लायसनच्या सरकारी पोर्टलवर चढतं. कुठे कुठे तर चालकाने जायचीही गरज पडत नाही, एजंट कागद घेऊन जातो आणि काम करून आणतो. माझ्यासमोर बसलेल्या चालकांना मी विचारते, "डोळे तपासले का हो?" ते माझ्याकडे असं बघतात की मी काहीतरी भलतंच विचारलं.

मी सगळ्या डॉक्टरांना दोष देत नाही. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यातला डॉक्टर दिवसाला किती पेशंट बघतो ते आम्ही रोज पाहतो. आपल्या विभागाने त्यांना आयडी दिला, प्रमाणपत्र चढवायचा रस्ता दिला, पण तपासणी कुठे करायची, कशाने करायची, तिची नोंद कशी ठेवायची, हे पाहणारं कुणी नेमलं नाही. प्रमाणपत्र खरं की खोटं हे कुणीच पुन्हा तपासत नसेल, तर तपासणारा आणि न तपासणारा डॉक्टर पोर्टलवर सारखाच दिसतो.

चालक खोटं का बोलतो, हेही समजून घ्या. मिस्टरांना मी विचारलं, "दिसत नव्हतं तर सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर लायसन गेलं असतं. मग खायचं काय?" याच भीतीपोटी पन्नाशीतले चालक चष्मा लावत नाहीत, कारण चष्मा दिसला की मालक दुसरा ड्रायव्हर शोधतो अशी त्यांची समजूत आहे. डोळ्यांची तपासणी कडक केली आणि नापास झालेल्याला नुसतं घरी पाठवलं, तर लोक आणखी लपवतील. म्हणून माझी मागणी नुसत्या कडकपणाची नाही. ती पुढे लिहिते.

गाडीचं आपण कसं करता ते बघा. ट्रक नवा असेल तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचं पासिंग होतं. ब्रेक बघतात, टायर बघतात, हेडलाईटचा झोत कुठे पडतो ते बघतात, मागे रिफ्लेक्टर लावला नसेल तर गाडी परत पाठवतात. हे झालंच पाहिजे. पण ज्या हेडलाईटचा झोत दरवर्षी तपासला जातो, त्या झोतात समोरचा माणूस ज्या डोळ्यांना दिसायचा, ते डोळे पाच-पाच वर्षांत एकदाही खरोखर तपासले जात नाहीत. अपघात झाला की निरीक्षक येऊन गाडीची तांत्रिक तपासणी करतात, ब्रेक लागत होते की नव्हते ते लिहितात. चालकाची नजर शेवटची कधी तपासली, हे कुठल्या रकान्यात लिहितात? राज्यात २०२२ साली रस्ते अपघातांत १५ हजारांहून अधिक माणसं गेली, २०२३ सालीही आकडा १५ हजारांच्या वरच राहिला. एवढ्या मरणांपुढे हा रकाना मागणं मला जास्तीचं वाटत नाही.

यात आणखी एक भर पडली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोपर्यंतचं हलकं व्यावसायिक वाहन चालवायला साधं हलक्या वाहनाचं लायसन पुरेसं आहे, वेगळ्या नोंदीची गरज नाही. छोटा हत्ती, पिकअप, रिक्षा चालवणाऱ्या लाखो गरिबांना त्याने दिलासा मिळाला. विमा कंपन्या लायसनचं निमित्त काढून नुकसानभरपाई अडवत होत्या, ते थांबलं. मला तो निकाल मनापासून पटला. पण त्याचा एक परिणाम असाही आहे की सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा आता चाळिशीपर्यंत रोज पहाटे भाजीचा पिकअप चालवू शकतो आणि मधल्या काळात त्याचे डोळे बघायची वेळ कायद्याने येतच नाही. निकालाने जे दिलं ते काढून घ्या असं मी म्हणत नाही. पोटासाठी रोज गाडी चालवणाऱ्यांच्या दृष्टीची सोय लायसनच्या तारखेवर अवलंबून ठेवू नका, एवढंच म्हणते.

आता दुसरी बाजू. नजर न बघता पास झालेल्या त्याच अर्जात मिस्टरांचं नाव मात्र अडलं. जुनं लायसन पुस्तकी होतं. त्यावर नाव आणि आडनाव, मधे वडिलांचं नाव नाही. आधारवर तिन्ही. शिवाय नावाचं इंग्रजी लेखन दोन्हीकडे वेगळं. आधारशी नाव जुळलं नाही की घरबसल्या नूतनीकरणाचा रस्ता बंद होतो आणि अर्ज कार्यालयात जातो. आम्ही मुदत संपण्याच्या पुरेसं आधी अर्ज केला होता. आधी जुन्या पुस्तकाची नोंद संगणकात नव्हती म्हणून बॅकलॉग एन्ट्रीसाठी थांबलो, मग नावाच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र मागितलं, मग ते दिल्यावर अर्ज कितीतरी आठवडे पेंडिंग दिसत राहिला. तेवढ्यात लायसनची मुदत संपली.

हे एकट्या आमचं नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या अडलेल्या अर्जांत सगळ्यात मोठा वाटा नावाच्या फरकाचाच असतो. लक्ष्मण नावाचा माणूस इंग्रजीत दोन तऱ्हेने लिहिला गेला की तो दोन माणसं होतो. लग्न होऊन आलेल्या बायकांचं लायसन माहेरच्या नावाने आणि माहेरच्या पत्त्यावर असतं. शिक्षिका, नर्स, अंगणवाडीच्या सुपरवायझर स्कूटीवर गावोगाव फिरतात, त्यांच्या नूतनीकरणाला विवाह नोंदणीपासून राजपत्रापर्यंत काय काय लागतं ते मी सांगत बसत नाही. जुन्या लायसनला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद झालेला असतो, मग ओटीपी कुठे येणार? नंबर बदलायचा तर पुन्हा वेगळा अर्ज.

नाव जुळलं पाहिजे, हे मला मान्य आहे. खोटी लायसन निघू नयेत म्हणून ते लागतं. माझं म्हणणं आहे ते कशाला किती वजन द्यायचं याबद्दल. एका अक्षराच्या फरकासाठी आपली यंत्रणा अर्ज रोखून धरते, आणि ज्या एका गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून आहे तिथे एका टिकमार्कवर सोडून देते.

मुदत संपल्यावर काय झालं, तेही लिहिते, कारण इथे कायदा चालकाला फार कमी जागा देतो. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन चालू धरलं जाई. ती सवलत गेली. नूतनीकरण आता मंजुरीच्या तारखेपासून धरतात, मुदत संपल्याच्या तारखेपासून मागे धरत नाहीत. म्हणजे अर्ज वेळेत केला, पण कार्यालयाने मंजुरी उशिरा दिली, तर मधले दिवस चालक विनालायसन ठरतो. त्या दिवसांत पकडला गेला तर कलम १८१ खाली ५,००० रुपये, आणि त्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाला कलम १८० खाली वेगळे ५,०००. मालकाने चावी काढून घेतली. मी त्याला दोष देत नाही. त्याला विम्याची धास्ती होती, आणि ती खरी आहे. चालकाचं लायसन वैध नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते. अपघातग्रस्ताला भरपाई द्यावी लागली तरी ती मालकाकडून वसूल करायची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ सालच्या स्वर्ण सिंग निकालापासून कंपन्यांना आहे. कुठला मालक हा धोका घेईल?

त्या काळात आमचं घर माझ्या केंद्रावर चाललं. ज्या घरात दुसरी कमाई नाही तिथे काय होतं, हे आपणच मनाशी आणून बघा.

आपण म्हणाल, कायदा केंद्राचा आहे, आमच्या हातात काय? तर दोन गोष्टींची आठवण करून देते. कोविडच्या काळात कार्यालयं बंद होती म्हणून १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेली लायसन केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुन्हा पुन्हा मुदतवाढ देत वैध धरायला सांगितली. ही मुदतवाढ २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालली. पुढे ३१ जानेवारी ते १२ फेब्रुवारी २०२४ या दिवसांत सारथी, म्हणजे लायसनचं सरकारी पोर्टल, बिघडलं होतं, तेव्हाही मंत्रालयाने मुदत संपलेली लायसन २९ फेब्रुवारीपर्यंत वैध धरायला सांगितली. यंत्रणेच्या दोषाची शिक्षा चालकाला नको, हे तत्त्व सरकारने स्वतःच मान्य केलेलं आहे. पोर्टल बंद पडलं तर जे लागू होतं, ते कार्यालयात अर्ज पडून राहिला तर का लागू होऊ नये?

मुदत कधी संपते हे सांगण्याबद्दलही लिहायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना लायसन संपल्याचं कळतं ते पोलिसाने नाक्यावर अडवल्यावर. पूर्वी पाच वर्षांपर्यंत उशीर झाला तरी चाचणी नव्हती, आता एक वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि उशिराच्या प्रत्येक वर्षाला किंवा त्याच्या भागाला १,००० रुपये जादा. ऊसतोडीला सहा महिने कर्नाटकात गेलेला, गुजरातला कंपनीच्या गाडीवर लागलेला, आखाती देशात ड्रायव्हर म्हणून गेलेला माणूस घरी परततो तेव्हा वर्ष कधीच उलटलेलं असतं. प्रत्येकाच्या लायसनची शेवटची तारीख आपल्या संगणकात आहे. कायद्याने मुदतीच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. मी सांगते तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही.

एजंटांबद्दल फार लिहीत नाही. जिथे रस्ता कळत नाही तिथे वाटाड्या पैसे घेणारच. स्मार्टकार्डाचंही थोडक्यात : २०२३ साली कार्डांच्या तुटवड्याने जो खोळंबा झाला त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, पण वस्तीवर, शेतात राहणाऱ्यांची कार्डं पोस्टातून परत जातात आणि मग ती कुठे शोधायची हे कुणी सांगत नाही.

जे चांगलं झालं तेही सांगायला हवं. ज्याचं आधार, मोबाइल, नाव सगळं जुळतं त्याचं नूतनीकरण आज खरंच घरबसल्या होतं. डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवरचं लायसन २०१८ पासून कायदेशीर धरलं जातं, त्यामुळे कार्ड यायची वाट बघावी लागत नाही. गडचिरोलीतल्या सिरोंच्यासारख्या ठिकाणाहून जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे दोनशे किलोमीटर, तिथल्या माणसाचा अख्खा दिवस आणि भाडं वाचतं. हे काम ज्यांनी केलं त्यांचे आभार. म्हणूनच मला वाटतं की पुढचंही आपल्याला जमेल.

माझ्या मागण्या अशा :

१. नमुना १-अ साठीची डोळ्यांची तपासणी प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी मोफत व्हावी. तिथे नेत्रचिकित्सा अधिकारी आहेत, तक्ते आहेत, आवारात २५ मीटर मोकळी जागाही आहे. दोन्ही डोळ्यांची नजर किती, चष्म्यासह किती, रंगओळख कशी, हे आकड्यात लिहून प्रमाणपत्र तिथूनच पोर्टलवर चढावं. नुसतं 'योग्य' हा शब्द पुरेसा धरू नये. खासगी डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रांतली काही दर महिन्याला निवडून त्या चालकांची फेरतपासणी व्हावी, आणि न तपासता प्रमाणपत्र देणाऱ्याचा आयडी बंद व्हावा.

२. जो डोळ्यांच्या तपासणीत नापास होईल त्याचा अर्ज फेटाळू नये, रोखून ठेवावा. त्याला तिथल्या तिथे चष्मा किंवा शस्त्रक्रियेसाठी चिठ्ठी मिळावी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया त्यात मोफत होतात. आरोग्य विभागाशी बोलून चालकांना त्यात लवकरची तारीख द्यावी. बरा होऊन आला की त्याच अर्जावर, नवीन शुल्क न घेता नूतनीकरण व्हावं. ही सोय आहे हे कळलं तरच चालक खरं बोलतील. माझ्या घरातला चालक बोलला असता.

३. हलक्या वाहनाच्या लायसनवर व्यावसायिक गाडी चालवणाऱ्यांसाठी दर पाच वर्षांनी डोळ्यांची मोफत तपासणी असावी. ती सक्तीची करायला कायदा बदलावा लागत असेल तर तोवर ऐच्छिक ठेवा, पण बाजार समित्या, रिक्षा स्टँड, साखर कारखाने इथे जाऊन करा, आणि ती जानेवारीपुरती ठेवू नका.

४. मुदत संपण्याच्या सहा महिने आणि एक महिना आधी मराठीतून एसएमएस जावा. व्यावसायिक लायसनधारकांना पत्रही जावं, कारण नंबर बदललेले असतात.

५. मुदतीच्या आत केलेल्या अर्जाची पावती निर्णय होईपर्यंत वैध लायसन म्हणून धरावी, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा आणि पाठवल्याची तारीख जाहीर करावी. तोवर मुदतीत आलेले व्यावसायिक चालकांचे अर्ज मुदत संपण्याआधीच निकाली काढायचा आदेश सर्व कार्यालयांना द्यावा. हे तर पूर्णपणे आपल्याच हातात आहे.

६. नावातला किरकोळ फरक, म्हणजे मधलं नाव नसणं, इंग्रजी लेखनातला फरक, आडनाव आधी की नंतर, हा एकाच स्वयंघोषणेवर आणि फोटो जुळवून मिटवावा. तालुक्याला निरीक्षकांचा जो कॅम्प लागतो त्यातच जुन्या पुस्तकी लायसनची बॅकलॉग एन्ट्री आणि मोबाइल नंबर बदलण्याचं काम व्हावं.

७. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवा वेळेत मिळाली नाही तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नूतनीकरणाच्या प्रत्येक पावतीवर मुदतीचा शेवटचा दिवस आणि अपील कुणाकडे करायचं त्या अधिकाऱ्याचं पदनाम ठळक छापावं.

यातल्या पहिल्या दोन मागण्या माझ्यासाठी सगळ्यात वरच्या आहेत. बाकीच्यांना वेळ लागला तर समजू शकते. या दोन्हींसाठी नवा कायदा लागत नाही. नमुना १-अ जे आधीपासूनच मागतो तेच खरं करायचं आहे. एका तालुक्यात प्रयोग करायचा असेल तर आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात आमच्या तालुक्यातले चालक गोळा करायची जबाबदारी मी घेते. फॉर्म भरायचे पैसे घेणार नाही.

आपल्याकडून लेखी उत्तराची अपेक्षा आहे. कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही, आणि नसेल तर का, एवढं कळवावं. उत्तर आलं की ते मी माझ्या सेवा केंद्राच्या दारावर लावीन, म्हणजे इथे येणारा प्रत्येक चालक वाचेल.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवणारी, एका ट्रकचालकाची पत्नी